सोबत : एक पोतं कचरा

अर्जातली सगळ्यात महत्त्वाची ओळ कोणती, असं कोणी विचारलं तर मी 'सोबत' म्हणते. लोकांना वाटतं 'विषय'. विषय काय, कोणीही लिहितो. पण अर्जाच्या तळाशी, डाव्या अंगाला 'सोबत' लिहून त्याखाली जोडलेल्या कागदांची नावं घातली, की कचेरीला तो अर्ज नुसता कोपऱ्यात लोटता येत नाही. जोडलेलं जपावं लागतं. हरवलं तर जबाब द्यावा लागतो. हे मला शाळेने शिकवलं नाही, कारण शाळा चौथीतच सुटली. कडुनिंबाखाली बसून बसून कळलं.

तो कडुनिंब तहसील कचेरीच्या कुंपणाबाहेर होता. त्याखाली आमचं टेबल, एक पत्र्याची पेटी आणि गिऱ्हाइकासाठी बाकडं. माझं माहेर रोहण्याचं, शेतीवाडीचं. लग्न होऊन या तालुक्याच्या गावी आले तेव्हा हे, म्हणजे आमचे मालक, अर्ज लिहून द्यायचं काम करत. पुढे यांच्या डोळ्यांनी दगा दिला. मग हे सांगत आणि मी लिही. काही वर्षांनी हे सांगत आणि मी मला पटेल ते लिही. आणि शेवटी शेवटी हे नुसते पान लावत बसत आणि मी लिही. ही प्रगती कधी झाली ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

आमचा धंदा बाहेरच्याला सोपा वाटतो. माणूस येतो, रडतो किंवा भांडतो. त्यातलं रडणं आणि भांडणं काढून टाकायचं, उरलेलं साहेबाला समजेल अशा भाषेत लिहायचं, कार्बन घालून नक्कल काढायची आणि ती आवक खिडकीवर नेऊन तिच्यावर शिक्का मारून आणायची. त्या शिक्क्याला पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. माणसं अर्ज देऊन पोच न घेता घरी जातात, आणि वर्षभर उत्तराची वाट पाहतात. अशांना मी बाकड्यावर बसवून चांगली रागवत असे.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक. एकाला शेजाऱ्याच्या कोंबड्यावर अर्ज पाहिजे होता, तो वेळेच्या आधी आरवतो म्हणून. आणि अल्लीपूरची एक म्हातारी तर मी जन्मात विसरणार नाही. तिला स्वतःच्या पोरावर अर्ज करायचा होता. पोरगा इथेच नगरपालिकेच्या कचेरीत बाबू.

मी म्हटलं, "आजी, पोराले चिठ्ठी लिहितेत. अर्ज कायले?"

"चिठ्ठ्या लय झाल्या, बाई. चिठ्ठी तो वाचतच नाई. तो म्हने दिसभर अर्जच वाचते. तं तू अर्जच लिही."

मी लिहिला. 'विषय : दिवाळीस घरी येण्याबाबत.' खाली 'सोबत : मुगाचे लाडू, नग अकरा.' म्हातारीने लाडवांचा डबा पालिकेच्या आवक खिडकीवर ठेवला. आवकवाले देशकर बाबू मोठे काटेकोर. त्यांनी लाडू मोजले, अकरा भरले, आणि मगच शिक्का मारला. साऱ्या कचेरीदेखत डबा पोराच्या टेबलावर गेला. तो त्याच शनिवारी अल्लीपूरला गेला. हे लाडू ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहेत.

धंद्याचे यांनी दोन नियम घालून दिले होते. अर्ज कोणाचाही लिहायचा. आणि लिहिला की विसरायचा, लोकांच्या भानगडी घरी आणायच्या नाहीत. पहिल्या नियमाने मला शिव्या मिळाल्या, पण दुसऱ्याने माझी लाज गेली. ती गोष्ट आता सांगते.

गावाला लागून नाला आहे. नाल्याच्या त्या बाजूला एक छोटं खेडं. त्याला सगळे नुसतं पल्याड म्हणत. सरकारी नाव वेगळं आहे, पण ते मुद्दाम सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. ऐंशी सालानंतर एका उन्हाळ्यात पल्याडची गिरजाबाई माझ्या टेबलाशी आली. हातात पितळेचा लोटा, वर पदराचं टोक धरलेलं. लोटा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "वास घेऊन पाह्य."

मी घेतला. पाण्याला रस्त्याकडेच्या डबक्याचा वास होता.

"माह्या वावरातल्या विहिरीचं होय. अर्धं गाव हेच पानी पेते. तुमच्या गावचा कचरा आमच्या पडीत पडून राह्यला, अन् पानी मुरून मुरून विहिरीत येऊन राह्यलं. वळवाच्या एका पान्यात हे गत झाली. मिरगाचं पानी पडलं तं विहीर गेली समज."

नगरपालिकेचा ट्रॅक्टर रोज गावचा कचरा नेऊन पल्याडच्या पडीक जागेवर ओतत असे, हे मला माहीत होतं. सगळ्यांनाच होतं. कचरा आपल्या दारातून गेला की तो कुठे जातो ते कोण विचारतं? ढीग गिरजाबाईच्या विहिरीपासून पन्नास पावलांवर आला होता. तिच्या बैलाच्या खुरात काच घुसून तो महिनाभर लंगडत होता.

मी अर्ज लिहिला. ढीग मृगाच्या आत हलवावा, एवढीच मागणी. पालिका म्हणाली, जागा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे, तिला विचारा. पंचायत म्हणाली, कचरा पालिकेचा आहे, तिला विचारा. वरच्या कचेरीने दोघांना विचारलं, आणि दोघांनी वरच्या कचेरीला विचारलं. मी दर आठवड्याला एक अर्ज लिही, पोच आणे, आणि गिरजाबाई ती पोच कमरेच्या पिशवीत ठेवी. पिशवी फुगली, ढीग तसाच.

मग एक दिवस पल्याडच्या लोकांनी नाल्याच्या उतारावर आडव्या बैलगाड्या लावल्या. ट्रॅक्टर परत आला. दुसऱ्या दिवशीही तसाच परत आला, तिसऱ्या दिवशी तर निघालाच नाही. आमच्या गावात उन्हाळ्याचे दिवस, लग्नसराई. गल्लीच्या तोंडाशी पत्रावळ्यांचे डोंगर उभे राहिले.

मग गावातले लोक माझ्याकडे आले. नव्या वस्तीतले एक मास्तर पुढे होते. शिकलेला माणूस, पण चिडलेला. "लिहा, पल्याडच्या लोकांनी सार्वजनिक रस्ता अडवला, त्यांच्यावर कारवाई करा." मी लिहायला घेतलं. नियम पहिला, अर्ज कोणाचाही लिहायचा. नेमकी तेवढ्यात गिरजाबाई आली आणि बाकड्यामागे उभी राहून ऐकू लागली.

"काऊन वं बाई, सकाळी आमचा लिहिला, आता आमच्यावर लिहून राह्यली?"

"लिहिनं माह्या धंदा होय. याईचा लिहितो, तुह्याही लिहितो." आमच्याकडे बाया 'लिहितो, जातो' असंच म्हणतात, हसू नका.

"मंग दोन्ही अर्जाले एकच पाकीट कर. साहेबाले सोपं जाईन."

मास्तर हसले नाहीत, गिरजाबाईही हसली नाही. पण दोन्ही अर्ज समोरासमोर ठेवल्यावर मला दिसलं की दोघांचं मागणं एकच होतं. कचऱ्याची जागा ठरवा. हे मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं.

पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं. नवे साहेब होते, पुण्याकडचे, बोलायला मऊ. पल्याडची वीस-पंचवीस माणसं, मास्तर आणि त्यांची मंडळी, आणि दाराशी आम्ही दोघं. साहेबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग एक जुनी फाईल उघडली.

"तुमची अडचण मला समजते," साहेब म्हणाले. "पण कचरा तिथे पालिकेने आपणहून टाकलेला नाही. तुम्हीच मागितला होता. हा अर्ज पाहा." आणि ते वाचू लागले. "शहरातील सर्व कचरा आमच्या गावच्या पडीक जागेत कायमस्वरूपी टाकण्यात यावा, ही नम्र विनंती. खाली नामदेव अमुक यांचा अंगठा, आणि इतर."

नामदेवभाऊ म्हणजे गिरजाबाईचे मालक. ते तिच्या बाजूलाच उभे होते. ते छताकडे पाहू लागले.

साहेबांनी कागद उलटा करून सगळ्यांना दाखवला. "अक्षर सुंदर आहे हो. कोणाचं आहे?"

या तालुक्यात माझा 'ळ' ओळखत नाही असा माणूस नव्हता. पंचवीस माना माझ्याकडे वळल्या. यांना दिसत नव्हतं, पण शांतता ऐकून यांनीही मान वळवली.

आणि मला धडाधड आठवलं. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं एखादं वर्ष असेल. जनावरं विकली गेलेली, शेणखत मिळेना. नामदेवभाऊ पाच-सहा जणांना घेऊन आले होते. "बाई, गावचा कचरा आमच्या पडीत टाकाले सांगा ना जी. वावराले सोनं होते ते." तेव्हा खरंच सोनं होतं. त्या वेळचा कचरा म्हणजे भाजीची देठं, केळीची सालं, चुलीची राख, पत्रावळी, गोठ्यातलं झाडलेलं. सहा महिने खड्ड्यात कुजवलं की काळंभोर खत. पालिकेलाही सुटल्यासारखं झालं. मी अर्ज लिहिला, पोच आणून दिली आणि नियम दुसरा पाळला. विसरले.

'कायमस्वरूपी' मात्र नामदेवभाऊंनी सांगितलं नव्हतं. तो शब्द मला त्याच महिन्यात एका सरकारी पत्रात नवा मिळाला होता. फार आवडला होता. चौथी शिकलेल्या बाईला असा शब्द मिळाला की ती त्याचा दागिना करते. महिनाभर मी तो ज्याच्या त्याच्या अर्जात घातला. एकाला तर कायमस्वरूपी रेशनकार्डाची दुरुस्ती मागून दिली होती.

मधल्या वर्षांत कचरा बदलला. प्लास्टिकच्या थैल्या आल्या, दवाखान्यातल्या सलाईनच्या बाटल्या आल्या, सेल, ट्यूबा, रबरी चपला. खड्ड्यात टाकलेलं कुजेनासं झालं. शेतकऱ्यांनी उचलणं बंद केलं, आणि पालिकेने टाकणं चालू ठेवलं. अर्जात तसंच होतं ना.

बाहेर आल्यावर गिरजाबाई नवऱ्याला एवढंच म्हणाली, "तुमीच मांगतला होता?" नामदेवभाऊ म्हणाले, "खत मांगतलं होतं." मग ती माझ्याकडे वळली. वाटलं, आता शिव्या देईल. तिने कमरेची पिशवी सोडली, सगळ्या पोचा माझ्या हातात ठेवल्या आणि निघून गेली.

घरी मला भाकर गोड लागेना. हे म्हणाले, "विसराचं मीच सांगलतं, कबूल आहे. पन कायमस्वरूपी माह्या नवता." माझ्या नवऱ्याचा हा गुण होता. सांत्वन करायला बसले की असं करत.

दुसऱ्या दिवशी टेबल मांडलंच नाही. सकाळी नाला ओलांडून ढिगाकडे गेले. नामदेवभाऊ एकटेच तिथे काठीने उकरत बसले होते. घरी राहवेना म्हणून आले असतील. मला पाहून काठीच्या टोकाला एक चप्पल अडकवून वर धरली.

"हे पाहा बाई. हे मांगतली होती काय मी? डाव्या पायाची होय. जोडही नाई."

मला एकदम अल्लीपूरची म्हातारी आठवली. लाडू, नग अकरा.

"भाऊ, घरी पोतं आहे काय?"

आम्ही दोघांनी तासभर बसून ढिगाचा एक कोपरा निवडला. जे कुजलं होतं ते एका बाजूला, जे कुजणार नाही ते पोत्यात. गिरजाबाई विहिरीच्या काठावरून पाहत होती. थोड्या वेळाने आली आणि पोत्याचं तोंड धरलं. एवढंच म्हणाली, "काच खाली घाल, नाई तं पोतं फाटन."

तिथेच मांडीवर पाटी घेऊन मी अर्ज लिहिला. आम्ही खत मागितलं होतं, आजही पाहिजे. खताऐवजी जे आलं ते आम्ही मागितलेलं नाही, ते आमचं नाही, परत करत आहोत. मृगाच्या आत बाकीचंही घेऊन जावं. 'सोबत : नमुना, एक पोतं.'

देशकर बाबूंनी खिडकीतून पोतं पाहिलं. "वैनी, हे काय होय?"

"सोबत."

"सोबत कागद राह्यते."

"लाडू कोणता कागद होता? तुमीच मोजलेत."

देशकर बाबू काटेकोर माणूस. काटेकोर माणसाचं एक बरं असतं, तो स्वतःचा नियम मोडत नाही. त्यांनी पोत्यावर चिठ्ठी चिकटवली, आवक नंबर टाकला आणि नकलेवर शिक्का मारला. जोडलेलं जपावं लागतं. पोतं आवक खोलीत गेलं.

मी तिथून थेट मास्तरांकडे गेले. म्हटलं, "गुरुजी, तुमचा अन् पल्याडचा अर्ज एकच आहे." मास्तरांनी दोन्ही नकला वाचल्या, मग माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या ढिगाकडे. "काकू, आमच्या गल्लीतूनही पोतं जाऊ शकेल?"

जाऊ शकेल म्हणजे काय. आठ दिवस गावात मोठी मजा झाली. गल्लीच्या तोंडाशी बाया दोन टोपल्या घेऊन बसत. सालं, देठं, पत्रावळी एका टोपलीत; ती नामदेवभाऊंची बैलगाडी येऊन नेई. उतारावर आडवी लावलेली तीच गाडी. बाकीचं पोत्यात, आणि पोतं अर्जासकट आवक खिडकीवर. पालिकेचे झाडणारे कामगार सुरुवातीला बिचकून पाहत होते. मग त्यांचा मुकादमच म्हणाला, "बाई, आमालेबी काच लागते हाताले. आमचाही एक लिहा." तोही लिहिला. सोबत, रक्ताने भरलेली हाताला बांधायची चिंधी. तो अर्ज लिहिताना मात्र मला हसू आलं नाही.

देशकर बाबूंनी आपलं टेबल आधी दाराशी आणलं, मग व्हरांड्यात. सातव्या दिवशी दुपारी रुमालाने नाक पुसत माझ्या बाकड्यावर येऊन बसले.

"वैनी, एक अर्ज लिहा."

"कोनाचा?"

"माह्याच. आवक विभागाले दुसरी खोली पायजे."

मी लिहिला. अर्ज कोणाचाही लिहायचा. खाली 'सोबत : निरंक' घातलं. त्यांनी तो स्वतःच्याच खिडकीवर दिला, स्वतःच शिक्का मारला आणि पोच घेऊन गेले.

त्या अर्जानेच बहुतेक काम केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्याधिकारी साहेब पायी नाला ओलांडून पल्याड गेले. सोबत मास्तर, मी, देशकर बाबू. ढीग पाहिला, विहीर पाहिली. ऊन चढलं होतं. गिरजाबाईने पाहुण्याला द्यावा तसा साहेबांना पाण्याचा लोटा दिला. साहेबांनी घेतला आणि तसाच हातात धरून राहिले. विहिरीकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं.

"प्या साहेब," गिरजाबाई म्हणाली. "विहिरीचं नाई. सून पहाटे दीड कोसावून आनते. पाव्हन्याले विहिरीचं कसं देऊ?"

साहेबांनी लोटा सगळा संपवला. हळूहळू. मग म्हणाले, "तुमचा तो जुना अर्ज मी रद्द धरतो. तुम्ही नवा द्या."

मृगाला चार दिवस होते तेव्हा ट्रॅक्टर लागले. काच, चपला, प्लास्टिक पालिकेच्या स्वतःच्या जागेतल्या जुन्या मुरमाच्या खदानीत गेलं. कुजलेलं पल्याडच्या लोकांनी वाटून घेतलं. विहिरीतला गाळ उपसला. त्या वर्षी तिचं पाणी कोणी प्यायलं नाही, फक्त जनावरांना आणि धुण्याला. पुढच्या चैतात गिरजाबाई लोटा घेऊन टेबलाशी आली. पदराचं टोक धरलेलं नव्हतं. मी वास घेतला नाही, सरळ प्यायले.

सगळं कायमचं सुटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. टोपल्या दोन-तीन वर्षं वेगळ्या राहिल्या, मग गल्लोगल्ली पुन्हा एक झाल्या. खदानीचंही पोट भरत गेलं. आणि मुकादमाच्या अर्जाला उत्तर आलंच नाही. हातमोजे म्हणून मागितले होते. पोच आहे माझ्याकडे, पण पोचेने हात झाकत नाहीत. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरा नियम मी त्या वर्षापासून मोडला. प्रत्येक अर्जाची एक जादा नक्कल पेटीत ठेवू लागले. हे कुरकुरले, पण 'कायमस्वरूपी'चं नाव काढलं की गप्प बसत.

मग दोन वर्षांनी खदानीकडच्या एका खेड्यातला माणूस आला. तरणा शेतकरी, डोक्याला पटका. बाकड्यावर बसून म्हणाला, "बाई, गावचा कचरा आमच्या वावराकडे टाकाले सांगा ना जी. खतासाठी."

मी पेन खाली ठेवला. "पहिले पल्याड जाय. गिरजाबाईले भेट. मंग येजो."

तो चिडून गेला. वाटलं, गेला तो गेला, दुसऱ्या कोणाकडून लिहून घेईल. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्याची बैलगाडी कडुनिंबाखाली थांबली. त्यातून आधी गिरजाबाई उतरली. बाकड्यावर त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "हं, लिही. मी सांगतो."

तिने सांगितलं आणि मी लिहिलं. फक्त कुजणारं टाकावं. विहिरीपासून लांब टाकावं. दुसरं काही आलं तर ज्याचं त्याने परत न्यावं. एका वर्षापुरतं, पुढचं पुढच्या वर्षी पाहू. तिने मुदत सांगितली तेव्हा माझ्याकडे पाहिलं, मी मान वर केली नाही.

अर्ज झाला. कार्बन काढून मी एक नक्कल त्या माणसाला दिली, एक पेटीत ठेवली. गिरजाबाईने हात पुढे केला.

"एक मले दे."

"तुले कायले? तुले तं वाचता येत नाई."

तिने उरलेली नक्कल स्वतःच उचलली, घडी केली आणि कमरेच्या पिशवीत खोचली. "मले येत नाई," ती म्हणाली. "पन तुले मालूम राह्यलं पायजे, का माह्याजवळ आहे."